चोर सोडून केस्वॅपडीला

युनिक्सच्या सर्व्हरवर 'टॉप' नावाची एक कमांड आहे. ती चालवली की या घटकेला मशीनवर कोण किती राबतंय याची यादी पडद्यावर येते आणि दर काही सेकंदांनी बदलत राहते. व्हीएमएस नावाच्या दुसऱ्याच घराण्यातल्या संगणकांवर अशी सोय होती. ती बघून विल्यम लफेव्हर यांनी १९८४ साली युनिक्ससाठी टॉप लिहिला. जो सगळ्यात जास्त सीपीयू खातो तो सगळ्यात वर, एवढाच त्या यादीचा नियम. तिच्यात प्रोसेसचा नंबर आहे, मालक आहे, मेमरी आहे, वेळ आहे. 'आरोपी' असा रकाना नाही. तरी गेली चाळीस वर्षं ज्याने ज्याने ती यादी उघडली, त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकच वाक्य उच्चारलं आहे : "हाच तो!"

मी पुण्यात सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो. घरी कुणालाच हे काम नेमकं काय आहे ते कळलेलं नाही. आत्याच्या मते मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि दर दिवाळीला तिचा बिघडलेला प्रिंटर फराळाच्या आधी पुढ्यात येतो. या नोकरीत फोन येतो तो एकाच कारणासाठी. सर्व्हर छान चाललाय म्हणून रात्री दोन वाजता फोन करून कुणी आजवर कौतुक केलेलं नाही. फोनवरचं वाक्यसुद्धा ठरलेलं असतं : "सर्व्हर स्लो आहे." किती स्लो, कधीपासून, कुणाला, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर "म्हणजे तुम्हाला दिसत नाहीये का?" असा उलटा सवाल येतो.

एका महिनाअखेरीला असाच फोन आला. टॉप उघडला. पहिल्या ओळीत केस्वॅपडी-झीरो. मालक : रूट. सीपीयू : ९९.८ टक्के.

"सर, हे मी इन्स्टॉल केलेलं नाही," शेजारचा पोरगा आधी जामीन घेऊन मोकळा झाला.

"उडवा त्याला," फोनवरून साहेब म्हणाले. साहेबांना ती प्रोसेस काय आहे हे ठाऊक नव्हतं, पण उडवायला ओळख लागतेच असं नाही.

पोराने किल दिला. काही झालं नाही. मग किल मायनस नाइन दिला. हे युनिक्सचं शेवटचं अस्त्र. साधा किल म्हणजे सिग्नल नंबर १५ : 'आवरतं घ्या आता'. त्यावर प्रोसेस फाइली बंद करते, आवराआवर करते, मनात आलं तर दुर्लक्षही करते. नऊ नंबरात विनंती वगैरे भाग नसतो. पण केस्वॅपडी नवाच्या माऱ्यालाही बधला नाही. पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळसुद्धा आली नाही. सिग्नल गेला, पोहोचला, आणि ९९.८ चे ९९.९ झाले.

न मरण्याचं कारण साधं आहे. केस्वॅपडी हा बाहेरून आलेला प्रोग्रॅम नव्हेच, तो खुद्द लिनक्सच्या, म्हणजे आमच्या सर्व्हरवरच्या युनिक्सच्या भावंडाच्या, गाभ्याचा म्हणजे कर्नलचा भाग आहे आणि असले सिग्नल तो कानाआड करतो. त्याचं काम एकच. मशीनची मोकळी मेमरी एका खुणेच्या खाली गेली की त्याने जागं व्हायचं, मेमरीच्या ज्या तुकड्यांकडे, म्हणजे पानांकडे, बराच वेळ कुणी फिरकलेलं नाही ती मेमरीतून बाहेर काढायची, आणि वरच्या खुणेपर्यंत जागा मोकळी झाली की पुन्हा झोपायचं. जे फाइलीतून पुन्हा वाचता येईल ते सरळ टाकून द्यायचं, जे येणार नाही ते डिस्कवरच्या स्वॅपमध्ये नेऊन ठेवायचं. मशीनमध्ये मेमरी पुरेशी असेल तर हा गृहस्थ दिवसचे दिवस झोपलेला असतो आणि कुणाला त्याचं नावही माहीत नसतं. पण दुसऱ्या कुणी मेमरी ओरबाडायला सुरुवात केली की याची झोप उडते. आत्ता बाहेर काढलेलं पान पुढच्याच क्षणी कुणीतरी मागतं. ते आत आणावं तर दुसरं बाहेर काढावं लागतं, आणि तेही तेवढ्यात कुणाला तरी हवं असतं. शेवटी तर चालत्या प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड बाहेर टाकायचा आणि पुढची ओळ चालवण्यासाठी तो पुन्हा डिस्कवरून वाचायचा, इथवर पाळी येते. सगळ्यात जास्त धावपळ याची, म्हणून यादीत पहिला नंबर याचा, म्हणून सुळावर चढवायचा तोही हाच. चोर सोडून संन्याशाला, म्हणतात ते हेच. फरक इतकाच की हा संन्यासी सुळावर चढवला तरी काम सोडत नाही.

हे सगळं साहेबांना सांगायला वेळ मिळाला नाही, कारण तोवर ब्रिज कॉल सुरू झाला होता.

ब्रिज कॉल म्हणजे ज्यांना प्रॉब्लेम माहीत नाही अशा पंचवीस माणसांनी, ज्या दोघांना तो सोडवायचा आहे त्यांना सतत बोलतं ठेवणं. कॉलची सुरुवात नेहमी हजेरीने होते. नेटवर्कवाले म्हणतात, "आमच्या बाजूने सगळं ओके." स्टोरेजवाले म्हणतात, "आमच्या बाजूनेही ओके." डेटाबेसवाले आधी जरा शांत राहतात, मग दुखावल्या आवाजात म्हणतात, "डेटाबेस तर अप आहे." ॲप्लिकेशनवाल्यांनी गेल्या वर्षभरात कशालाही हात लावलेला नसतो. मग कुणीतरी ज्येष्ठ माणूस मूळ प्रश्न विचारतो : "काल काय बदललं?" यावर पंचवीस माणसं एका सुरात "काहीच नाही" म्हणतात, आणि त्यानंतरच्या शांततेत कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी होते. "प्लीज म्यूट करा." शिट्ट्या तीन झाल्याशिवाय ते होत नाही, कारण म्यूट करणारा माणूस गॅस बंद करायला गेलेला असतो. अमेरिकेतून क्लायंट दर दहा मिनिटांनी अपडेट मागतो आणि दर वेळी त्याला "वी आर चेकिंग" हा ताजा अपडेट मिळतो.

दरम्यान साहेबांना ते शंभर टक्के टोचत होते. मी सांगितलं की टॉप म्हणतो ते शंभर टक्के एका कोअरचे आहेत. आपल्या मशीनला आठ कोअर आहेत. म्हणजे केस्वॅपडी एकूण ताकदीच्या साडेबारा टक्केच खातोय. वास्तविक यावर माणसाला बरं वाटायला हवं. साहेब म्हणाले, "मग बाकीचे साडेसत्त्याऐंशी टक्के काय करतायत?"

कबूल करायला हवं, त्या रात्री कॉलवर विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. बाकीचे सगळे थांबले होते. डिस्ककडून पान येण्याची वाट बघत. युनिक्समध्ये या थांबण्याची एक खास अवस्था आहे, यादीत ती इंग्रजी 'डी' या अक्षराने दिसते. डीमध्ये अडकलेल्याला हलवता येत नाही, उठवता येत नाही, किल मायनस नाइनही त्याला तिथून बाहेर पडेपर्यंत लागू होत नाही. लिनक्स या वाट बघणाऱ्यांनाही मशीनवरच्या भारात, म्हणजे लोड ॲव्हरेजमध्ये, धरतो. १९९३ सालापासून धरतो. त्यामुळे सीपीयू ढेकर देत बसलाय आणि लोड मात्र नव्वदीच्या घरात, असं दृश्य दिसतं. नव्या माणसाला ते बघून वाटतं मॉनिटर बिघडलाय.

पहिल्या ओळीवर विश्वास ठेवणारे फक्त लिनक्सवर नाडले जातात असं नाही. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर पीएस कमांड दिली, की सगळ्यात जास्त सीपीयू खाताना 'वेट' नावाच्या प्रोसेस दिसतात. त्या काहीही करत नाहीत. प्रोसेसरला काम नसतं तेव्हाचा वेळ कुणाच्या तरी नावावर टाकायला हवा, म्हणून त्या ठेवलेल्या आहेत. म्हणजे मशीनमध्ये सगळ्यात जास्त तास ज्याच्या नावावर लागलेत, त्याची नेमणूकच मुळी रिकामं बसण्यासाठी झालेली. यावर मी अधिक बोलत नाही, माझं अप्रेझल व्हायचंय.

ॲपलच्या मॅकवर याहून कावेबाज प्रकार आहे. तिथे 'कर्नल टास्क' अधूनमधून सीपीयू व्यापून बसलेला दिसतो. त्याच्या अनेक कामांपैकी एक काम असं, की मशीन तापलं तर सीपीयू अडवून धरायचा, म्हणजे बाकीच्यांना तो कमी मिळेल, ते कमी राबतील आणि मशीन निवेल. दुसऱ्यांना काम करता येऊ नये म्हणून कामात दिसणं, ही कला एखाद्या प्रोग्रॅमला जमू शकते हे मला त्यातूनच कळलं. काही मॅकबुकांवर यावर एक उपाय लागू पडतो : चार्जर डाव्या बाजूच्या भोकातून काढून उजव्या बाजूला लावायचा. डावीकडे लावला की ती बाजू जास्त तापते, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण हा उपाय एका सहकाऱ्याला सांगितला, तेव्हा त्याने गंभीरपणे विचारलं, "आणि तोंड पूर्वेला?"

वेळेचे घोटाळे हा निराळाच विभाग. आमच्याकडचा एक डेबियन सर्व्हर रोज दुपारी १२ ला पाच कमी असताना आचके द्यायचा. बरोबर त्याच वेळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कुणी म्हणालं, लोक जेवायला जायच्या आधी रिपोर्ट काढतात. कुणी एसीवर संशय घेतला. एकाने पंचांग काढून राहुकाळ पाहिला, पण राहुकाळ रोज निरनिराळ्या वेळी येतो, त्यामुळे तो निर्दोष सुटला. खरी गोष्ट अशी, की डेबियनमध्ये रोजची घरकामं पूर्वापार सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी होतात. लॉगच्या फाइली गुंडाळून ठेवायच्या, सगळी डिस्क पालथी घालून कुठे काय आहे त्याची सूची करायची, वगैरे. पहाटेची वेळ, माणसं झोपलेली, कुणाला त्रास नाही. पण सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलं होतं. तिथले ६:२५ म्हणजे आपले ११:५५. कुणालाही त्रास होऊ नये म्हणून निवडलेल्या वेळी ही घरकामं मशीनचे बारा वाजवत होती, तेही पाच मिनिटं आधी.

पण या विभागातला मानाचा किस्सा १ जुलै २०१२ चा. रविवार होता. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळांच्या मानाने किंचित मागे पडतं, म्हणून अधूनमधून घड्याळात एक जास्तीचा सेकंद घालत असत. त्या दिवशी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजायच्या बेताला तो सेकंद घातला गेला. आणि जगभरच्या असंख्य लिनक्स सर्व्हरांवर जावा आणि मायएसक्यूएलच्या प्रोसेसनी एकाएकी सीपीयू गिळायला सुरुवात केली. रेडिट बंद पडलं. मोझिलाची यंत्रणा गडबडली. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांचं चेक-इन रखडलं. जर्मनीतल्या हेट्झनर या होस्टिंग कंपनीने तर आपल्या डेटा सेंटरचा वीजवापर सुमारे एक मेगावॅटने वाढल्याचं ग्राहकांना कळवलं. एका सेकंदापायी!

आतली भानगड अशी : कर्नलच्या मुख्य घड्याळाने जास्तीचा सेकंद मान्य केला, पण त्याच कर्नलमधल्या बारीक वेळ मोजणाऱ्या टायमरांना कुणी ते सांगितलंच नाही. दोघांच्या वेळेत एका सेकंदाचं अंतर पडलं. "मला अर्ध्या सेकंदाने उठव" असं सांगून झोपलेल्या प्रोसेसला टायमर म्हणायचा, "वेळ केव्हाच झाली, ऊठ." ती उठायची, बघायची, काही काम नाही, पुन्हा झोपायची, की पुन्हा "ऊठ". असं सेकंदाला हजारो वेळा.

आता यात त्या जावाच्या प्रोसेसचा काय दोष? पण यादीत पहिली तीच. अनेकांनी ती रिस्टार्ट केली. ती उठली आणि पुन्हा तेच सुरू झालं. बिघाडाचं मूळ खगोलात, ते लोक डेव्हलपरच्या कोडमध्ये शोधत होते. आणि उपाय काय सापडला? मशीनला वेळ विचारायची, आणि त्याने जी सांगितली तीच त्याला परत सांगायची. एका ओळीची कमांड. घड्याळ 'लावलं गेलं' एवढ्या निमित्ताने टायमरांपर्यंत निरोप पोहोचायचा आणि मशीन गार. पुढे २०२२ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत हा जास्तीच्या सेकंदाचा प्रकार थांबवायचं ठरवलं. पृथ्वीला वेळेवर आणण्यापेक्षा तिच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं पडतं, हे त्या विद्वानांना पटलं असावं.

इथवरचे सगळे संन्यासी. पण कधी कधी पहिल्या ओळीत खरोखरच चोर सापडतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा लोक त्याला सोडून देतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये के-डेव्ह-टीएमपी-एफएस नावाचा एक गरीब, सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा धागा, म्हणजे कर्नलची घरचीच प्रोसेस, आहे. २०२० च्या सुमारास अनेक सर्व्हरांवर के-डेव्ह-टीएमपी-एफएस-आय दिसू लागला. शेवटी एक 'आय' जास्त, बाकी नाव तेच. केस्वॅपडीला उडवायला निघालेले लोक याच्याकडे बघून म्हणायचे, "राहू दे, सिस्टिमचा दिसतो." तो सिस्टिमचा नव्हता. पासवर्डाविना इंटरनेटवर उघडा ठेवलेला रेडिस किंवा डॉकर यांसारखा प्रोग्रॅम सापडला की आत शिरायचं आणि मालकाच्या विजेवर मोनेरो नावाचं आभासी चलन खणायचं, हा त्याचा धंदा. त्याला मारला तर किन्सिंग नावाचा जोडीदार त्याला पुन्हा उभा करतो, आणि दोघांना मारलं तर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं सोडणाऱ्या यंत्रणेत, लपवलेली एक ओळ मिनिटाभरात दोघांनाही नव्याने उतरवून घेते. रक्तबीजाचं तरी रक्त सांडावं लागायचं.

अशा वेळी नाव बघून चालत नाही, कुलवृत्तांत काढावा लागतो. युनिक्समध्ये हे शब्दशः शक्य आहे, कारण इथे प्रत्येक प्रोसेसला बाप असतो आणि त्याचा नंबर कागदावर असतो. सगळ्या साध्या प्रोसेसचा मूळ पुरुष नंबर एक. पोराच्या आधी बाप गेला तर पोर पोरकं होतं आणि सहसा हा नंबर एकच त्याला दत्तक घेतो. पोर मेलं पण बापाने त्याचा निकाल वाचलाच नाही, तर ते मेल्यानंतरही यादीत नाव अडवून बसतं. मेलेलंच असल्यामुळे त्याला मारता येत नाही. कर्नलच्या अस्सल धाग्यांची शाखा वेगळी, त्यांचा बाप नंबर दोन, आणि डिस्कवर त्यांची फाइल नसते. कुणी स्वतःला त्या शाखेचा म्हणवत असेल, पण बाप भलताच निघाला आणि गाव विचारल्यावर 'टीएमपी'तली एखादी फाइल दाखवली, तर सोयरीक तिथेच मोडावी.

नाव बदलून वावरायची ही युक्ती काही आजची नाही. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर सोडलेला वर्म यादीत 'एसएच' या निरुपद्रवी नावाने दिसायचा आणि अधूनमधून स्वतःची नवी प्रत काढून जुनी संपवायचा, म्हणजे नंबर बदलायचा आणि नावावर साठलेला सीपीयूचा वेळही पुसला जायचा. आधीच बाधा झालेल्या मशीनमध्ये पुन्हा शिरायचं नाही असा त्याचा बेत होता. पण कुणी खोटंच "बाधा झालीय" म्हणालं तर? म्हणून सातातून एकदा ऐकायचंच नाही, असं त्याने ठरवलं. त्या एकाने घात केला. एकेका मशीनवर वर्मच्या प्रतींवर प्रती चढल्या आणि मशिनं त्यांच्या भाराने बसली. हा वर्म लोकांचे पासवर्ड ओळखायचाही प्रयत्न करायचा. आणि युनिक्सची पासवर्ड लपवायची पद्धत ज्यांनी घडवली त्यांत मॉरिसचे तीर्थरूप होते.

तर आमचा केस्वॅपडी. टॉपमध्ये कॅपिटल एम दाबला की तीच यादी मेमरीप्रमाणे लागते. एवढी एक कळ दाबायला ब्रिज कॉलवर दोन तास उसंत मिळाली नव्हती. दाबली, तर सगळ्यात वर डेटाबेस, ते अपेक्षितच; आणि त्याच्याखाली एकाच रिपोर्टच्या कितीतरी प्रती ओळीने. सीपीयूच्या रकान्यात प्रत्येकीपुढे जेमतेम ०.३. पहिल्या यादीत त्या इतक्या खाली होत्या की तिथवर कुणी गेलंच नव्हतं. रिपोर्ट दर तासाला क्रॉनमधून सुटायचा आणि पाच वर्षांची सगळी बिलं मेमरीत भरून मग विचार करायला बसायचा. एरवी तासाच्या आत उरकायचा. महिनाअखेरीला बिलं वाढली, उरकेना. आधीचा संपला की नाही हे क्रॉन विचारत नाही, घड्याळ बघतो आणि दुसरा सोडतो. मग तिसरा.

आम्ही त्यांना हात लावणार, तेवढ्यात मेमरी पुरतीच संपली आणि कर्नलने ओओएम किलर बाहेर काढला. जागा करण्यासाठी कुणाचा तरी बळी द्यायचा, आणि साधारणपणे ज्याने सगळ्यात जास्त मेमरी धरलीय त्याचा द्यायचा, असा त्याचा न्याय. रिपोर्टच्या प्रती एकेकट्या लहानच होत्या. त्याने डेटाबेस मारला. "डेटाबेस तर अप आहे," असं त्याच क्षणी डेटाबेसवाले कॉलवर म्हणत होते.

सकाळी शोध घेतला, तेव्हा कळलं की तो रिपोर्ट ज्यांनी मागवला ते गृहस्थ कधीच कंपनी सोडून गेलेत. दर तासाला त्यांच्या पत्त्यावर मेल जायचा आणि परत यायचा. बंद करावा म्हटलं, तर बंद करायला रिपोर्टच्या मालकाची मंजुरी लागते, आणि सिस्टिमने मंजुरीचा मेल त्याच पत्त्यावर पाठवला. निदान आधीचा संपेपर्यंत दुसरा सुटू नये म्हणून 'फ्लॉक' ही कमांड क्रॉनच्या ओळीत घालावी म्हटलं, तर महिनाअखेरीला बदलांवर बंदी असते. रॅम वाढवणं मात्र बदलात मोडत नाही, खरेदीत मोडतं. म्हणून रॅम दुप्पट झाली.

ती दुप्पट झाल्याचं कळताच डेटाबेसवाल्यांचा मेल आला : आता मेमरी भरपूर शिल्लक दिसते, तेव्हा डेटाबेसचा बफर आम्ही दुप्पट करून घेत आहोत, कुणाची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावी. मेल शनिवारी आला होता.